पिवडीची खोली

"काय झालं?" सावद्याच्या बाजूने आवाज आला. "काही नाही," धुळ्याचा आवाज म्हणाला, "मुलगी झाली."

सुपडूने तेव्हाच बाजूला व्हायला हवं होतं. दोन गावं जोडली गेली, इकडचं तिकडे नीट ऐकू जातंय एवढी खात्री झाली की ऑपरेटरने कानातून निघून जायचं, हा जळगावच्या ट्रंक एक्स्चेंजमधला पहिला धडा. इतकी वर्षं तो हा धडा पाळत आला होता. लोकांची लग्नं, मयती, केळीचे भाव, सगळं त्याच्या हातातल्या दोऱ्यांमधून जायचं आणि त्याला चिकटायचं नाही. आज मात्र हात बोर्डावरच्या ऐकायच्या खटक्यावर तसाच राहिला. सावद्याकडे नुसती घरघर होती. मग तिथला माणूस "असं का. बरं. ठेवतो," म्हणाला, आणि लाइन मोकळी झाली. शेजारच्या बोर्डावरच्या यादवने विचारलं, "काय सुपडू भाऊ, लाइन कटली का?" तो म्हणाला, "नाही, झालं बोलून." बोर्डातला दोर ओढून काढताना त्याला उगाचच वाटलं की आपण काहीतरी मुळासकट उपटतोय. काय झालं, तर काही नाही. हे त्याने आधी ऐकलं नव्हतं असं नाही. पण आधी त्याची स्वतःची बायको धुळ्याला, देवपुरात, माहेरी दिवस भरायची वाट पाहत बसलेली नव्हती.

रत्ना होळीनंतर गेली. तेव्हापासून पिंप्राळ्याच्या फाटकाजवळचं ते भाड्याचं घर त्याला मोठं व्हायला लागलं होतं. खरं तर पुढची खोली, स्वयंपाकाची जागा आणि मागे एक कोंदट खोली एवढंच ते घर. त्या मागच्या खोलीत पूर्वी घरमालक सरकीची पोती ठेवायचा. पोती जाऊन वर्षं झाली तरी उन्हं तापली की भिंतींतून सरकीचा तेलकट, जरासा गोड वास यायचा. संध्याकाळी घरी आला की सुपडू भाकरी टाकायचा, चटणीशी खायचा आणि त्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहायचा. रत्ना असताना ती पोटावर हात ठेवून म्हणायची, "अहो, बघा, ते लाथ मारतंय." ते. ते झोपलं, ते उठलं, त्याला आंबट चालत नाही. घरात त्यांच्याशिवाय आणखी कोणीतरी राहत होतं आणि त्याचं नाव 'ते' होतं. रत्नाबरोबर तेही धुळ्याला गेलं. तरी त्या खोलीत त्याच्यापुरती थोडी जागा मागे राहिल्यासारखी सुपडूला वाटायची. आपल्या बोलण्यात अशी एक जागा आहे याचं त्याला नवल वाटे. बाळ, मूल, लेकरू, पिल्लू, पाखरू, सगळं ते. मग एक दिवस कोणीतरी दार उघडतं आणि ते नाहीसं होतं. राहतो 'तो' नाहीतर 'ती'. त्या दिवसापर्यंत तरी ही खोली 'त्या'ची असावी, कोण येणार हे तिने आधीच ठरवून बसू नये, असं काहीसं सावद्याचा तो फोन ऐकला त्या दुपारी त्याच्या मनात आलं. कोणाला सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि सांगायला कोणी नव्हतंही.

पहिल्यांदा तो चित्र आणायला गेला. फुले मार्केटच्या बाजूला तसबिरींचं दुकान होतं. दुकानदाराने न विचारताच पुढ्यात थप्पी टाकली: रांगता बाळकृष्ण, लोणी खाणारा बाळकृष्ण, फोन कानाला लावलेलं गुबगुबीत बाळ, पोलिसाची टोपी घातलेलं बाळ. "वहिनींना दिवस आहेत ना? पलंगासमोर लावा. सकाळी डोळा उघडला की नजर ह्यावर पडली पाहिजे." सुपडू चित्रं चाळत राहिला. सगळी बाळं उघडी होती आणि सगळे मुलगे होते. "दुसरं काही नाही का?" "दुसरं म्हणजे?" "म्हणजे मुलगा नाही असं." दुकानदार हसला. "पोरीचं चित्र कोण लावतं भाऊ? मागणीच नाही, छापतील कशाला?" "पोरीचं नको." "मग?" सुपडूने थप्पी सरळ करून ठेवली. मुलाचंही नको, मुलीचंही नको, नुसत्या बाळाचं द्या, असं बोलणारा माणूस दुकानदाराच्या डोळ्यांत कसा दिसेल ते त्याला दिसलं, आणि "बघतो नंतर" म्हणून तो खाली उतरला. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. आपण काय मागायला गेलो होतो, हे त्याला चालता चालता कळेनासं झालं. नुसतं बाळ कधी कुणी पाहिलंय?

ऑइल पेंट परवडण्यातला नव्हता, आणि भाड्याच्या घराला तो लावणारही कोण. त्याने कळीचा चुना आणला, पत्र्याच्या डब्यात भिजवला. चुना खदखदून शांत झाला तेव्हा रंगाचा प्रश्न आला. चुन्यात घालायचे रंग किराणा दुकानात पुड्यांनी मिळत: नीळ, गुलाबी, हिरवा, पिवडी. घरमालक लोटन नाना खाटेवरून पाहत होते. म्हणाले, "नीळ टाक. पोरगा व्हईल." ते सहज म्हणाले, पान खाताना चुना जरा जास्त लाव म्हणावं तसे. सुपडूने पिवडी टाकली. काठीने ढवळताना तो पिवळेपणा चुन्यात हळूहळू विरत गेला, उन्हात वाळलेल्या गव्हाच्या काडाचा असतो तसा रंग आला. अंबाडीचा कुंचला घेऊन तो सुट्टीच्या दिवशी भिंतीला भिडला. त्या उन्हाळ्यात हात फिरवून पुढे सरकावं तोवर मागची भिंत वाळलेली असायची. ओली असताना ती मातीसारखी काळपट दिसे आणि वाळता वाळता तिच्यात उजेड येई. आढ्याजवळ पोचायला तो स्टुलावर उभा राहिला. चुन्याचा एक थेंब नाकपुडीवर उडाला, जळजळला. पुसायला हात नेला तर बोट नाकाच्या डाव्या बाजूच्या त्या बारीक खड्ड्यावर पडलं. तिथे लहानपणी टोचलेलं होतं. भोक केव्हाच बुजलं, पण बोटाला ते अजून सापडतं.

त्याच्या आधीचे तिन्ही भाऊ गेले होते. म्हणून तो जन्मल्या जन्मल्या त्याला सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं होतं, कुणाला नको असलेल्या केरासारखं, म्हणजे कुणाची नजर जाणार नाही. नाव सुपडू त्यामुळे पडलं. नाकात चांदीची तार घातली, केस वाढवले, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला झगा घातला. झगा झुंबरचा होता. झुंबर त्याची मोठी बहीण. एरंडोलच्या बाजारातून आणलेला, गळ्याला नागमोडी फीत लावलेला तो एकच चांगला झगा घरात होता, आणि तो तिच्या अंगावरून निघून त्याच्या अंगावर आला. ती बापाचा फाटका सदरा कापून शिवलेलं काहीतरी घालून हिंडायची. दारात बसून झुंबर त्याची वेणी घालत होती ती सकाळ त्याला आठवते, की नंतर ऐकून ऐकून आठवते असं वाटतं, कोण जाणे. शेजारची बाई म्हणाली, कसाले व भिकुबाई, पोऱ्याले असा नटाडस? आई सूप पाखडता पाखडता म्हणाली, "यम उना तरी पोर देखीसन परत जाई. पोरीस्ले लेवाले तो कसाले येस?" मुलगी आहे असं समजून यम परत जाईल, मुलींना न्यायला तो कशाला येतो. वेणी घालणारे हात थांबले. झुंबर म्हणाली, "मंग माय, माले यमबी लई जावाव नही?" आई हसली, शेजारीण हसली. ती मात्र खरंच विचारत होती. न्यायला येणाऱ्यांच्या हिशेबात आपण कुठेच नाही, यमाच्यासुद्धा नाही, हे ऐकून तिचा आवाज घाबरलेला नव्हता. जत्रेला सगळे निघालेत आणि आपल्याला कुणी ये म्हणत नाही, तसा तो होता. मग तिने पुन्हा वेणी घालायला घेतली आणि जरा जास्तच ओढून बांधली. सुपडू स्टुलावर उभा होता. कुंचल्यातून पिवळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

एक्स्चेंजमध्ये नवी केबल पडत होती. एसटीडी येणार, मग आपली गरज संपणार, अशी बोलणी चालत. मागच्या अंगणात जुन्या केबलीचे तुकडे पडलेले असत. आतल्या बारीक तारा रंगीत. तांबड्या, जांभळ्या, नारिंगी, राखाडी. सगळेच त्या वेचून न्यायचे, कुणी टोपली विणे, कुणी फुलदाणी. सुपडूने पाळण्यावर टांगायला पाखरं विणली. राघू-मैना करतात लोक, पण त्यातही पुन्हा तो आणि ती आलेच. त्याने कुठल्याच जातीची नसलेली पाखरं केली. यादव म्हणाला, "ही काय कोंबडी आहे का बदक?" सुपडू म्हणाला, "पाखरू आहे." पाळणा येईपर्यंत त्याने ती आढ्याला टांगली; वाऱ्याने ती हलत तेव्हा भिंतीवर सावल्या फिरायच्या, आणि तो खाली पथारीवर पडून त्या पाहायचा. खिडकीबाहेरून मालगाडी जायची, केळीचे डबे लागलेली, बराच वेळ चालणारी. तो 'त्या'च्याशी मनात बोले. गाडी गेली बरं. आता ऊन उतरेल. बाहेरच्या जगाशी दिवसभर बोलणं जोडून देणाऱ्या माणसाला स्वतःला बोलायला हे एवढंच होतं, आणि त्यात तो, खरं सांगायचं तर, सुखी होता.

पाळण्यासाठी तो गावी गेला. गाव एरंडोलपासून आत. आईने पाळणा दिला नाही. "लेकरू येवाना आगोदर कोन्ही खोली रंगाडस का? दिठ लागी जाई," म्हणाली. आंडोर होऊ दे, मग मी स्वतः घेऊन येते पाळणा. म्हणजे मुलगा. झुंबर चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या नवऱ्याने मूल होत नाही म्हणून दुसरी केली, तेव्हापासून ती माहेरीच होती. कपाशी वेचायला जाई, आईचं करी. दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर त्याच्या आधी येऊन उभी होती, काखेत बोचकं. "मी येस तुना संगे. गोधड्या शिवेल शेतस." जुन्या लुगड्यांच्या मऊ पडलेल्या गोधड्या होत्या त्या, आईच्या, तिच्या स्वतःच्या. घरी आल्यावर तिने खोली पाहिली. पाखरांकडे पाहिलं. भिंतीला हात लावला तर चुना तळव्याला लागला, पिवळा. तळवा पाहत म्हणाली, "हाई रंग कोना शे भाऊ? आंडोरना का आंडेरना?" "कोन्हाबी राहो," तो म्हणाला, "जो येई त्याना." तिने बोचकं भिंतीशी ठेवलं. मग पदर डोक्याखाली घेऊन तिथेच भिंतीशी अंग टेकून झोपली, भर दुपारी, गुडघे पोटाशी घेऊन. तिला असं दिवसा झोपलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो पुढच्या खोलीत जाऊन बसला आणि चहाचं भांडंही त्याने वाजू दिलं नाही.

बातमी आली ती त्याच्याच बोर्डावर आली. धुळ्याची ऑपरेटर म्हणाली, "सुपडू भाऊ, तुमचंच आहे, बोला." पलीकडे त्याच्या सासूबाई, इंदिराबाई. "जावईबापू," म्हणाल्या, आणि थांबल्या. शेकडो लोकांना बोलणं जोडून देताना ते थांबणं त्याने ऐकलं होतं, त्यामुळे पुढचं त्याला कळलं. "मुलगी झाली." आणि तेव्हा त्याच्या आत, अगदी आत, काहीतरी एक पायरी खाली उतरलं. एकच पायरी, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. पण त्याने ती ऐकली. त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. पिवडी कालवणारा, तसबिरी नाकारणारा, तो हाच का? "दोघी बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं. 'दोघी' हा शब्द आपोआप आला आणि तो येताच ते गेलं. इतके दिवस त्याच्याबरोबर मालगाड्या ऐकणारं ते, कायमचं. त्या पायरीचं दुःख कुठलं आणि या जाण्याचं कुठलं, हे त्याला वेगळं काढता येईना. यादवने विचारलं, काय झालं? सुपडूने कानावरचा हेडफोन काढला. "मुलगी झाली," तो म्हणाला. मग पुन्हा, कोणी न विचारता, जरा मोठ्याने, "मुलगी झाली मला." सगळ्या बोर्डांवरच्या बायकांनी वळून पाहिलं. त्या दिवशी घरी गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला नाही. पुढच्या खोलीत खाटेवर बसून राहिला, कुणाकडे तरी उधार मागायला आलेल्या माणसासारखा.

बारशाचं बोलावणं करायला तो गावी गेला; झुंबर गोधड्या ठेवून केव्हाच तिथे परतली होती. आई म्हणाली, "बरं व्हयनं. बाई सुखरूप शे ना?" आणि पुन्हा डाळ निवडू लागली. बारशाला तिचे गुडघे दुखणार होते. "झुंबरले कसाले लई जास?" तिने खाली मान घालूनच विचारलं. "तठे लोके काय म्हनतीन?" तो म्हणाला, आत्या तीच एक शे. झुंबर आतून लुगडं बदलून आलीसुद्धा होती. एरंडोलहून धुळ्यापर्यंत बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. पारोळा मागे पडल्यावर तिने विचारलं, "कशी दिखस ती?" "देखी नही आजून." "नाव काय ठेवानं?" त्याने नाव शोधलेलं नव्हतं. ते होतं तोवर नावाची गरजच पडली नव्हती. "तूच ठेव, अक्का," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

देवपुरातल्या त्या घरात बायका जमल्या होत्या. ओव्याच्या धुरीचा वास होता, घुगऱ्या शिजत होत्या. इंदिराबाईंनी त्याला ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं. चांगली बाई होती ती, आवाजही चांगलाच होता. "जावईबापू, राग मानू नका. अक्का आल्या, आनंद आहे. पण पाळण्याला पहिला हात... त्यांना मूलबाळ नाही. आमच्याकडे जरा पाहतात. तुमच्या चुलत बहिणीला निरोप धाडलाय, त्या घेतील बाळ." सुपडू आयुष्यात मोठ्या आवाजात बोललेला माणूस नव्हता. त्याचं कामच इतरांचा आवाज पोचवण्याचं. त्याला वाटलं आपण हो म्हणणार. समोर झुंबर उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी होती, कुणी या म्हणायची वाट न पाहता, कारण ती वाट पाहणं तिने फार आधी सोडलं होतं. "नाव अक्काच ठेवील," तो म्हणाला. "अहो पण..." "नाहीतर मी मुलीला असंच, बिननावाचं घेऊन जाईन जळगावला." आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. बायकांचं बोलणं थांबलं. आतल्या खाटेवर डोक्याला फडकं बांधून बसलेली रत्ना त्याच्याकडे पाहत होती. ती थकलेली होती, पांढरी पडलेली होती, आणि इतक्या दिवसांनी तो तिला पाहत होता. ती आईला म्हणाली, "अक्कांना आत बोलव."

पुरुषांनी आत थांबायचं नसतं. तो दाराच्या चौकटीशी उभा राहिला. झुंबरने बाळ घेतलं, आधी छातीशी धरलं, मग पाळण्यात ठेवलं आणि वाकली. कानाशी तोंड नेलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली, हसत, एकमेकींना पुढे ढकलत. नाव सांगून आत्याने चटकन वर यायचं असतं. झुंबर वर आली नाही. धपाटे चालू राहिले, मग हलके झाले, मग एकेक हात थांबत गेला. तिची पाठ हलत होती, ओठ हलत होते, आणि पदराआडून मुलीचं एवढंसं कपाळ दिसत होतं. कुणीतरी खाकरलं. इंदिराबाईंनी रत्नाकडे पाहिलं. रत्नाने मान हलवली, असू दे. बाहेर रस्त्यावरून टांगा गेला तोही सगळ्यांना ऐकू आला.

मग झुंबर उठली. "नंदा," ती मोठ्याने म्हणाली, आणि बायकांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा गलका झाला, पाळणा म्हणायला सुरुवात झाली. "अक्का, एवढा वेळ काय सांगत होतात हो?" रत्नाने हसून विचारलं. "नाव," झुंबर म्हणाली. पदराने तोंड पुसून ती बाजूला भिंतीशी जाऊन बसली.

सुपडू चौकटीतच होता. एवढ्या लहान नावाला एवढा वेळ लागत नाही हे त्याला कळत होतं, आणि काय ते आपल्याला कधी कळणार नाही हेही. त्याने पुढे वाकून पाळण्यात पाहिलं. मुलगी जागी होती. ती रडत नव्हती. तिची नजर त्याच्यावर नव्हती, दोरी ओढणाऱ्या बायकांवर नव्हती. मान जेवढी वळते तेवढी वळवून ती, आणखी काहीतरी सांगायचं राहिलं असल्यासारखी, भिंतीकडे पाहत होती, जिथे तिची आत्या बसली होती.